कागदकाकांना विचारा : आधी पाणी, मग रंग

गेल्या अंकात जुन्या पुस्तकांना कव्हर घालण्याबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकून गेलो, की वर लावायचा मार्बल पेपर, म्हणजे संगमरवरासारखी ढगाळ नक्षी असलेला कागद, घरीही होतो, आमच्या सोसायटीतली पोरं दर रविवारी खाली पार्किंगमध्ये बसून करतात. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी शिलाई, खळ आणि पुठ्ठा या तिन्हींवर मिळून आली नव्हती. एकोणचाळीस वर्षं चरईत बाइंडिंगचं दुकान चालवलं, त्यातलं कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. चालायचंच. सुट्टी लागली आहे, मुलं घरात आहेत, तेव्हा हा महिना या पत्रांचा.

प्रश्न : मुलगी साडेपाच वर्षांची आहे. व्हिडिओ बघून आम्ही ताटात पाणी घेतलं आणि खाण्याचे रंग टाकले. व्हिडिओत नक्षी छान तरंगत होती. आमचं पाणी दोन मिनिटांत काळपट चॉकलेटी झालं आणि कागद नुसता ओला निघाला. घरात आहे त्यातच काही करता येईल का? वासाचे रंग नको आहेत.
— एक आई, कळवा

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलं नाही, रंग चुकला. खाण्याचा रंग पाण्यात विरघळावा म्हणूनच केलेला असतो. सरबताला तोच गुण लागतो आणि आपल्याला नेमका तोच नडतो. मार्बलिंगमध्ये रंगाने पाण्यात शिरायचं नाही, पाण्यावर बसायचं. मग वरून कागद टेकवला की तो थर कागदावर येतो. खेळ एवढाच आहे.

साडेपाच वर्षांच्या मुलीला खडूने सुरुवात करून द्या. तुम्ही पाण्यावरची रांगोळी बघितली असेल. परातीतल्या पाण्यावर कोळशाची वस्त्रगाळ पूड भुरभुरवतात आणि त्या काळ्या थरावर रांगोळी काढतात. पाण्याच्या वरच्या थराला ताण असतो, ताणून बसवलेल्या कापडासारखा, आणि बारीक कोरडी पूड त्यावर अलगद राहते. तेच आपण रंगीत खडूने करायचं.

स्टीलची परात घ्या. त्यात दोन बोटं पाणी. जुनी चहाची गाळणी पाण्यावर वीतभर उंच धरा आणि फळ्यावरचा साधा रंगीत खडू तिच्या जाळीवर घासा. एक रंग झाला की दुसरा. तीन रंग पुरे, चौथा घेतलात की मळकट व्हायला लागतं. पूड सगळीकडे सारखी पडली नाही तर उत्तम, मोकळ्या जागा कागदावर पांढऱ्या राहतात आणि त्याच शोभतात. आता अगरबत्तीच्या उलट्या टोकाने एकदा, फार तर दोनदा ओढायचं. ड्रॉइंगच्या वहीचा कागद, परातीत मावेल एवढा कापलेला, हलकेच टेकवायचा, दहा आकडे मोजायचे, एका कडेने उचलायचा. वर्तमानपत्रावर आडवा वाळवा. दोरीवर टांगलात तर ओघळ येतील. वाळल्यावरही हाताला थोडा रंग लागतो, त्याला इलाज नाही. खडूचा छाप तेवढाच पक्का असतो.

सगळ्यात महत्त्वाचं, पंखा बंद. मे महिन्यात कळव्यात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे काय ते मला कळतं, पण पंख्याखाली ही पूड पाण्याऐवजी भिंतीवर बसते, आणि नाकातही जाते. खडू तुम्ही घासा, मुलीला काडी आणि कागद द्या.

शेवटी परातीत पूड उरली असेल तेव्हा भांडी घासायच्या साबणाचं बोट पाण्याच्या मधोमध टेकवायला सांगा. सगळी पूड घाबरल्यासारखी कडेला पळते. आमच्याकडे याच्यासाठी रांग लागते, छापापेक्षा जास्त. पण हे सगळ्यात शेवटी. एकदा साबण पडला की ते पाणी गेलं.

प्रश्न : मुलं नऊ आणि बारा वर्षांची. शेव्हिंग फोमवर करून झालं, आता त्यांना "खरं" मार्बलिंग हवं आहे. ऑनलाइन किट महाग वाटतात. घरगुती साहित्यात त्याच्या जवळपास जाता येईल का?
— एक वडील, पाचपाखाडी

उत्तर : फेसाचं मला फारसं कौतुक नाही. ताटात फेस, त्यावर रंगाचे थेंब, काडीने रेघा, कागद दाबला, जुन्या कार्डाने फेस खरवडला की छाप तयार. हमखास येतो, हे खरं. पण रंग तिथे तरंगत नाही, फेसावर अडकून पडतो. थेंब पसरताना दिसत नाही. आणि तो पसरताना बघणं हीच तर मजा.

जवळपास कशाला, तुम्ही थेट तिथेच जाल. खऱ्या मार्बलिंगला घट्टसर पाणी लागतं आणि आपल्या घरात ते आधीपासून आहे, कांजी. सुती साडीला देतात तीच. एक लिटर पाणी. त्यातल्या वाटीभर गार पाण्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवा, बाकीचं उकळत ठेवा, मग कालवलेलं त्यात सोडून ढवळत राहा. दुधाळपणा जाऊन पारदर्शक दिसायला लागलं की उतरवा. गार झाल्यावर ताकाच्या कढीइतकं वाहतं हवं. पिठल्यासारखं झालं तर पाणी घाला. जुन्या ओढणीतून गाळा, गुठळी राहिली की नक्षीला तिथे भोक पडतं. आणि पूर्ण गार होऊ द्या, रात्री करून सकाळी वापरा. कोमट कांजीत रंग बुडतो. दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते, तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या उन्हाळ्यात तुम्हालाच वासाने कळेल.

एक इशारा. ओळखीच्या बाइंडरकडून तयार खळ आणू नका. कसर लागू नये म्हणून आम्ही खळीत मोरचूद घालायचो, ते विष आहे. मुलांच्या हाताशी ते नको.

रंग ॲक्रिलिक घ्या, लहान बाटल्यांतले. थेट टाकलात तर दगडासारखे तळाशी जातील. वाटीत घेऊन थेंब थेंब पाण्याने दुधाइतके पातळ करा आणि आधी एका कपात थोडी कांजी घेऊन थेंब टाकून बघा. थेंब बुडाला तर आणखी पातळ करा. वर राहिला पण आकसून बसला तर त्या वाटीत टोकभर भांड्यांचा साबण घाला, सुईच्या टोकावर राहील एवढाच. हाताने थेंब टाकण्यापेक्षा खराट्याचे पाच-सहा हीर दोऱ्याने बांधून रंगात बुडवा आणि परातीवर बोटावर आपटा. बारीक शिंतोडा पडतो. तुर्कस्तानातले कारागीर घोड्याच्या केसांचा ब्रश गुलाबाच्या काडीला बांधून हेच करतात. आपल्याला खराटा बरा.

आता कागद. त्याला आधी तुरटी लावायची, नाहीतर धुताना सगळा रंग पाण्याबरोबर वाहून जातो. पाव लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर तुरटीची पूड विरघळवा, स्पंजने कागदाच्या एका बाजूला लावा, मागच्या कोपऱ्यात पेन्सिलने फुली करा. वाळल्यावर कोणती बाजू तुरटीची हे देवालाही ओळखता येत नाही, म्हणून फुली. वाळवून वजनाखाली सपाट करा आणि दोन-चार दिवसांत वापरून टाका. तुरटी लावलेला कागद वर्षभर ठेवला तर पिवळा पडून ठिसूळ होतो. कागद टेकवून उचलला की परातीवरच तिरपा धरून वरून मगभर पाणी हळूच सोडा. कांजी निघून जाते, रंग राहतो.

आणि दर छापाआधी वर्तमानपत्राची चार बोटं रुंद पट्टी उभी धरून कांजीच्या पृष्ठभागावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. साय, धूळ, मागचा उरलेला रंग, सगळं निघतं. लोक हे करत नाहीत आणि मग रंगाला दोष देतात.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्यांदा कांजीवर करायचं ठरलं त्या रविवारी अकरा पोरं गोल करून बसली होती. मी रंग टाकला की थेंब भेदरून कडेला जायचा, दुसरा टाकला की तोही. रंग बदलले, कांजी आणखी घट्ट केली, पाऊण तास गेला. निम्मी पोरं सायकली घेऊन पसार झाली. शेवटी नात म्हणाली, "आजोबा, परात तुम्ही कशाने घासलीत?" सकाळी चकचकीत दिसावी म्हणून मीच साबणाने घासली होती आणि नीट विसळली नव्हती. तेव्हापासून मार्बलिंगची परात वेगळी, तिला नुसतं पाणी आणि फडकं. तिच्यावर ऑइलपेंटने "साबण नाही" असं लिहून ठेवलं आहे. वाचायला मलाच.

प्रश्न : काका, माझ्या प्रत्येक कागदावर मध्ये गोल पांढरा डाग येतो. बाकीची नक्षी चांगली येते. मी पाचवीत आहे.
— ऐरोली

उत्तर : अरे, ती हवा आहे. कागद तू वरून सपाट टाकत असणार, मग त्याच्या पोटाखाली हवा अडकते आणि तिथे रंग पोचतच नाही. आई पोळी तव्यावर कशी टाकते ते आज बघ. एक कड आधी टेकवते आणि मग हात मागे घेत बाकीची पोळी सोडते. कागदही तसाच थोडा थोडा सोडायचा, फक्त कडेऐवजी मधून सुरुवात. त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे धर, मधलं पोट आधी पाण्याला लागू दे, मग दोन्ही कोपरे हळूहळू सोड. मध्ये थांबू नकोस, थांबलास तर तिथे रेघ येईल. पहिले चार कागद रद्दीतले घे.

प्रश्न : वडिलांचं जांभळी नाक्याजवळ किराणा दुकान होतं. त्यांच्या हिशेबाच्या चोपड्यांना असाच ढगाळ कागद असे आणि पानांच्या कडाही तशाच रंगवलेल्या असत. ते त्याला "अबरी" म्हणत. हा शब्द बरोबर आहे का? आणि कडा कशासाठी रंगवत?
— एक ज्येष्ठ वाचक, विष्णुनगर, नौपाडा

उत्तर : आपण हा शब्द लिहिलात आणि मला माझे वडील आठवले. तेही अबरीच म्हणायचे. "मार्बल पेपर" माझ्या पिढीत आलं. फारसीत अब्र म्हणजे ढग, त्यावरून अबरी. तुर्कस्तानात त्याचंच एब्रू झालं, आणि ती कला २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. जपानमध्ये नुसत्या पाण्यावर काळी शाई तरंगवून करतात, ती सुमिनागाशी. तिचे बाराव्या शतकातले नमुने आहेत. तिथे कांजीबिंजी काही नाही, फुंकर आणि धीर.

पण आपल्याला इतकं लांब जायचं कारण नाही. सतराव्या शतकात आदिलशाहीत विजापूरला या तंत्राने चित्रं केली गेली. हवा तेवढाच भाग रंगावा म्हणून बाकीचा कागद झाकून ठेवत, मग तो रंगावर टेकवत. हाडं दिसणारा मरतुकडा घोडा आणि त्याचा स्वार असं विजापूरचं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मी फोटोच बघितला आहे. सोसायटीतल्या पोरांना दाखवला, तर एक म्हणाला, याला खायला द्या आधी.

कडांचं कारण पक्कं व्यापारी आहे. सगळी पानं शिकंज्यात आवळून कड एकदम रंगवली की सगळ्या पानांच्या कडा मिळून एकच नक्षी तयार होते. मधलं एक पान फाडलं की नक्षी तिथे तुटते आणि चोपडी बंद असतानाही जाणकाराला कळतं. नोकराने पान गाळलं की मालकाने, ते मात्र नक्षी सांगत नाही. अमेरिकेत १७७५ साली निघालेल्या वीस डॉलरच्या नोटेची एक कड याच कारणासाठी अबरी कागदाची केली होती, नकली नोटा करणाऱ्याला तीच नक्षी पुन्हा आणता येऊ नये म्हणून. तो कागद बेंजामिन फ्रँकलिन यांनी पुरवला होता.

खरं सांगायचं तर दुकानात मी स्वतः कधी अबरी केली नाही. माझ्या काळात छापील कागद रिमने मिळायला लागला होता, तोच लावायचो. शिकलो ती पासष्टीनंतर, पोरांबरोबर. आपल्याकडे त्यातली एखादी चोपडी उरली असेल तर कृपा करून रद्दीत देऊ नका.

प्रश्न : नेलपॉलिश पाण्यावर छान पसरते. मुलांना दिली तर चालेल का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नाही. वाफ डोक्यात जाते, बाटली पेट घेते, आणि एसीच्या खोलीत खिडक्या बंद असतात. "मार्बलिंग कलर" म्हणून मिळणाऱ्या छोट्या बाटल्यांवरचं लेबलही वाचून घ्या. टर्पेंटाइनसारखा वास आला तर ते काम मोठ्यांचं, आणि तेही गॅलरीत.

प्रश्न : आमच्या शाळेत चौथीचा वर्ग अडतीस मुलांचा, कार्यानुभवाचा तास पस्तीस मिनिटांचा आणि नळ जिन्याखाली एकच. मार्बलिंग घ्यावं असं फार वाटतं, पण धाडस होत नाही. पावसाळ्यात घेता येईल का?
— एक शिक्षिका, घणसोली

उत्तर : बाई, कांजीचा विचारही करू नका. कागद धुवायला एकच नळ म्हणजे जिन्यात पूर. खडू घ्या. तो तुमच्याकडे शाळेच्या खर्चाने आहे.

परात नको, मिठाईची पुठ्ठ्याची मोठी खोकी गोळा करा, आत जाड प्लास्टिकची पिशवी पसरा. सहा खोकी, पाणी आधीच भरून. कागद वहीच्या पानाच्या निम्मा, मागे पेन्सिलने नाव आधीच लिहिलेलं. ओल्या कागदावर नाव घालायला निघालात की तास संपला म्हणून समजा. एकेका खोक्याशी सहा-सात मुलं, एकाच्या हातात गाळणी, एकाच्या हातात काडी, बाकीचे कागद घेऊन रांगेत. एका पुडीत दोन-तीन छाप निघतात, मग वर्तमानपत्राच्या पट्टीने पाणी साफ करून पुन्हा. तास संपायच्या दहा मिनिटं आधी थांबवा, मुलं रडली तरी. पाणी फेकायला एक बादली, नळाशी कुणी नाही.

पावसाळ्याचं म्हणाल तर करू नका. जून-जुलैत आपल्याकडे वाळत घातलेले मोजे तीन दिवस ओले राहतात, अडतीस कागद कुठे वाळवणार? एकावर एक ठेवलेत की चिकटतील आणि आठवड्यात बुरशी धरेल. ऑक्टोबरचं ऊन पडलं की घ्या, दिवाळीच्या भेटकार्डांनाही उपयोगी पडेल. आकाशकंदिलाची कल्पना कुणीतरी काढेलच, तेव्हा पतंगी कागद मात्र पाण्याला लावू नका. उचलतानाच हातात तुकडे येतात.

प्रश्न : माझ्या दोन नाती, सात आणि नऊ वर्षांच्या. मोठीचा एक छाप अप्रतिम आला, निळा-पांढरा. धाकटीला हुबेहूब तसाच हवा. तेच रंग, तीच काडी घेऊन सहा कागद झाले, तसा एकही येत नाही, आणि घरात रडारड. काय करावं?
— एक आजी, कोपरी

उत्तर : आजी, तसा येणार नाही. वर नोटेची गोष्ट सांगितली ती याच गुणावर चालली. पाणी त्याच जागी तसंच पुन्हा हलत नाही, त्यात तुमचं, धाकटीचं किंवा काडीचं काही चालत नाही.

पण एक सोय आहे. पहिला कागद उचलल्यावर पाण्यावर थोडा रंग उरतो. पट्टी न ओढता, पाणी न हलवता लगेच दुसरा कागद टेकवला की तीच नक्षी फिकट होऊन येते. आम्ही तिला सावली म्हणतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर जुळं आहे हे कुणालाही ओळखू येतं.

आमच्याकडे सावली सुरुवातीला कुणालाच नको असायची. मग दुसरीतली एक मुलगी मुद्दाम सावल्याच मागायला लागली. मला वाटलं बिचारी समजूतदार आहे, म्हणून एकदा गडद कागद तिच्या पुढ्यात ठेवला. तिने परत केला. म्हणाली, "याच्यावर लिहिलेलं दिसत नाही. सावलीवर दिसतं." ती गावी मामाला पत्रं पाठवत होती.

तेव्हा पुढचा कागद टाकायच्या आधीच दोघींना विचारून ठेवा, गडद कुणाचा आणि सावली कुणाची. उचलल्यावर विचारलंत तर दोघींना गडदच हवा असेल.